वाकळ विका, चेहरा नको

बेघरांसाठी निधी उभा करायचा म्हटला की आपल्याकडे बेत ठरलेला असतो. डिसेंबरची थंडी पडते. उत्साही मुले रात्री कॅमेरे घेऊन रेल्वे स्टेशनच्या बाहेर, एसटी स्टँडवर, सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपास फिरतात आणि पांघरुणातून बाहेर आलेल्या पायांचे, सुरकुतलेल्या चेहऱ्यांचे फोटो काढतात. त्यावरून चित्रे होतात, हॉलमध्ये फ्रेमा लागतात, दीपप्रज्वलन होते, चार चित्रे खपतात आणि जमलेल्या पैशातून ब्लँकेटे वाटली जातात. हेतू कुणाचाच वाईट नसतो. पण सोलापुरात असा उपक्रम व्हायचा असेल, आणि तो व्हावाच, तर बेघर माणूस त्यात चित्राचा विषय म्हणून न येता मजुरी घेणारा कारागीर म्हणून आला पाहिजे. बाकीची सगळी मांडणी या एका गोष्टीवरून ठरते.

आधी फोटोंचे. झोपलेल्या माणसाची संमती घेता येत नाही, एवढे कारण खरे तर पुरेसे आहे. शिवाय रस्त्यावर राहणाऱ्या बायकांमध्ये मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या असतात. मोबाइलवर फिरत फिरत फोटो नेमका त्याच घरी पोचतो आणि तिला एका रात्रीत झोपायची जागा बदलावी लागते. एखादा म्हातारा गावाकडच्यांना ‘सोलापुरात कामाला आहे’ असे सांगून आलेला असतो. त्याची उरलीसुरली अब्रू आपण भिंतीवर टांगतो. कुणाचे चित्र काढायचेच असेल तर माणूस जागा असताना, दिवसाउजेडी, दोन वेगवेगळ्या दिवशी विचारावे आणि चित्राची एक प्रत त्याच्या हातात द्यावी. जेवणाचे पाकीट पुढे करता करता विचारलेल्या प्रश्नाला मिळालेला होकार धरू नये. भुकेला माणूस नाही म्हणत नाही.

आता ब्लँकेटांचे. चादरी आणि टॉवेल देशभर पाठवणाऱ्या या शहरात पांघरूण देणारे हात कमी नाहीत, आणि हिवाळ्यात एकाच माणसाच्या अंगावर तीन-तीन ब्लँकेटे पडतात. अडचण दिवस उजाडल्यावर सुरू होते. सहाच्या सुमाराला झाडूवाले येतात, थोड्या वेळाने दुकानांची शटरे वर जातात, आणि माणसाला आपले बोचके उचलून निघावे लागते. त्या बोचक्यात काय असते ते एकदा नीट बघा: धुतलेला एक जोड, जर्मनची थाळी, चार्जर, औषधाची अर्धी पट्टी, हॉस्पिटलचा केसपेपर आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली आधारकार्डाची झेरॉक्स, घडीवर फाटलेली. ब्लँकेट यात मावत नाही. खांद्यावर ते घेऊन मजुरांच्या नाक्यावर उभे राहिले तर मुकादम दुसऱ्याला उचलतो. झाडाच्या फांदीत किंवा भिंतीमागे ठेवले तर संध्याकाळी ते तिथे नसते, आणि कधी कधी कचऱ्याच्या गाडीत ब्लँकेटाबरोबर केसपेपरही जातो. म्हणजे माणसाला पांघरुणापेक्षा आधी हवी असते ती कुलूप लावता येईल अशी पेटी. ती कुणी वाटत नाही, कारण पेटी देतानाचा फोटो चांगला येत नाही.

शिवाय सोलापूरची थंडी हा इथल्या बेघरांचा सर्वांत कठीण काळ नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. दुपारी अकरा ते चार या वेळेत सावली, पाणी आणि संडास, तिन्ही एका जागी मिळेल असे ठिकाण शोधताना धडधाकट माणूस थकतो, तिथे दमेकरी म्हाताऱ्याचे काय होत असेल! आणि इथला सर्वाधिक पाऊस पडतो सप्टेंबरात, जेव्हा मदत करणारे सगळे गणपतीत गुंतलेले असतात. १० ऑक्टोबर हा जागतिक बेघर दिन म्हणून पाळला जातो. सोलापुरात उपक्रम जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत करणे सोयीचे, कारण तेव्हा होम मैदानावर सगळा जिल्हा लोटतो. मात्र त्या पैशाची खरी गरज एप्रिलमध्ये लागणार, हे ध्यानात ठेवून तो वेगळ्या खात्यात राखून ठेवावा. जानेवारीत जमवून जानेवारीतच वाटून मोकळे होण्याची घाई इथे नडते.

जागृती म्हणजे नेमके काय कळायला हवे? बेघर माणसे आहेत हे सोलापूरकराला माहीत आहे. तो रोज त्यांना ओलांडून जातो. त्याला माहीत नसते ते हे की त्यांच्या निवाऱ्याचे माप ठरलेले आहे. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिलेल्या आदेशांनी पाच लाखांवरच्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास चालणारा एक निवारा बंधनकारक केला. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली: दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० माणसांची सोय, एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसे, माणशी किमान ५० चौरस फूट. सोलापूरची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या ९ लाख ५१ हजार. म्हणजे निदान ९०० जागा. ९०० ला ५० ने गुणा: ४५,००० चौरस फूट. गुंठ्यात सांगायचे तर पुरते बेचाळीस गुंठेही नाहीत. एवढ्या मोठ्या शहराला माणशी जागेचा हिशेब बेचाळीस गुंठ्यांत बसतो, हे एकदा डोळ्यांनी दिसले पाहिजे, आणि दाखवण्याचे काम कला जितके करील तितके भाषण करणार नाही.

सोलापुरात त्याची रीत तयार आहे. गड्ड्यातल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळीच्या पायघड्या घालणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. त्यांनी एखाद्या मैदानावर पाच फूट बाय दहा फुटांच्या ५० चौकटी आखाव्यात. लहानात लहान निवाऱ्याच्या ५० जागा. चौकटीची रेघ रांगोळीची नको. वाऱ्याने तासाभरात उडते. कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी फक्की मारावी, दोन खुंट्यांना सुतळी ताणून, म्हणजे रेघ वाकत नाही. आतली जमीन आदल्या संध्याकाळी पाणी मारून दाबावी, गेरूचा हात द्यावा, आणि पहाटे रांगोळी घालावी. प्रत्येक चौकटीत एका माणसाला लागणाऱ्या वस्तू खऱ्या मापाने काढायच्या: सहा बाय अडीचची पथारी, पेटी, चपला, पाण्याचा तांब्या. मग ज्याला वाटेल त्याने आत जाऊन आडवे व्हावे. ५० चौकटींना रेघा आणि मधल्या वाटा धरून साधारण ७० फूट बाय ६० फूट जागा पुरते. चूक होते ती हौशी लोक चौकटी ‘सुंदर’ करायला लागतात तेव्हा. मोर, कमळे आली की माप दिसेनासे होते.

रांगोळीतून पैसा येत नाही, येऊही नये. पैसा यावा तो वाकळांतून.

वाकळ म्हणा, गोधडी म्हणा. कानडी घरात ती कौदी, तेलुगू घरात बोंता. सोलापूरच्या चारही भाषांच्या घरांत ही वस्तू आहे आणि ती शिवू शकणाऱ्या बायका शहराच्या पूर्वभागात गल्लोगल्ली आहेत. कच्चा मालही गावातच: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांत चादरींची कात्रणे आणि विणीत खोट निघालेला माल पडून असतो. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीच्या नक्षीची वाकळ, बेघरांनी मजुरी घेऊन शिवलेली: ही वस्तू दया न मागता विकली जाईल अशी आहे. मात्र ती नीट शिवलेली असली पाहिजे. ‘चांगल्या कामासाठी घेतली’ म्हणून लोक एकदा घेतात आणि पहिल्या धुण्यात रंग फुटला की पुन्हा फिरकत नाहीत.

म्हणून थोडे शिवणाचे बोलू. कात्रणे आल्या आल्या कापू नयेत. रंगाप्रमाणे वेगळी करून गरम पाण्यात भिजवावीत, पाणी स्वच्छ येईपर्यंत. लाल आणि गडद निळा तीन-चार पाणी घेतो. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो ही समजूत आहे. आधीच रंगवून विणलेल्या कापडाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. या भिजवण्याचा दुसरा फायदा असा की सुती कापड आधीच आटून घेते. न आटलेला तुकडा आटलेल्या तुकड्याला जोडला तर पुढे वाकळ चुण्या पडून गोळा होते. वाळले की तेरा इंचाचे चौकोन कापायचे. अर्धा-अर्धा इंच शिवणीत जाऊन फुटाचा चौकोन उरतो. चार बाय सहा फुटांच्या वाकळेला असे २४ लागतात.

चादरीचे कापड जाड असते, हे विसरले की सुया मोडतात. चार चौकोनांचे कोपरे जिथे भेटतात तिथे आठ पदर साचतात. शिवण एका अंगाला न दुमडता दोन्हीकडे फाकवून इस्त्रीने दाबली तर तिथली जाडी बसते. वर एकच थर चादरीचा, आत जुन्या सुती लुगड्याचे दोन पदर, खाली अस्तर. याहून जास्त नको. टॉवेलची कात्रणे फुकट मिळतात म्हणून आत भरण्याचा मोह होतो, पण टेरीचे लूप पाणी धरतात, वाकळ पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. त्यांची लहान आसने करावीत. दोरा सुती घ्यावा, मेणावरून ओढून. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरे, पण काही वर्षांनी तोच कापडाला कापू शकतो. धावदोरा कडेने सुरू करून आत आत नेत मध्याकडे आणायचा, दोन ओळींत बोटभर अंतर. मध्यातून बाहेर जाणाऱ्या नवशिकीच्या हातून पदर सरकतात आणि शेवटी अस्तर एका कडेला कमी पडते.

काम कोण करणार आणि कधी, यावर उपक्रम तरतो किंवा बुडतो. वेळ अकरा ते तीन ठेवावी. सकाळी नाक्यावर काम मिळणाऱ्याचे काम बुडत नाही, आणि उन्हाच्या वेळेला सावली मिळते. पण हीच फुकट जेवण वाटपाचीही वेळ असते. म्हणून दुपारचे जेवण कामाच्या जागीच द्यावे, नाहीतर साडेबाराला निम्मी माणसे उठून जातील आणि आपण त्यांना ‘चिकाटी नाही’ म्हणू. जागेला संडास, पाणी आणि बोचकी ठेवायला कुलपाची खोली हवी. पन्नाशीपुढच्या बहुतेकांना सुईत दोरा ओवता येत नाही. पहिल्याच दिवशी जवळचे दिसायचे तयार चष्मे, वेगवेगळ्या नंबरांचे, टेबलावर मांडून ठेवावेत. ज्याचा हात थरथरतो त्याला धुणे, वाळवणे, इस्त्री, मोजणी यांत घ्यावे. मजुरी नगावर देऊ नये, तासावर द्यावी. नगावर दिली की म्हातारे आणि आजारी आपोआप बाहेर पडतात, आणि शिवणही सैल होते. पैसे त्याच दिवशी संध्याकाळी रोख, सही किंवा अंगठा घेऊन. बँक खाते नसलेल्या माणसाला ‘महिनाअखेरीला खात्यात’ म्हणणे म्हणजे न देण्यासारखेच. शिकवणाऱ्या बायकांनाही मजुरी द्यावी. सेवाभाव त्यांच्याकडून गृहीत धरू नये.

‘हातात पैसे दिले की दारूत जातात’ असे या टप्प्यावर कुणीतरी म्हणतेच. काहींचे जातात. कारखान्यातल्या पगाराचेही जातात, म्हणून कुणी पगार थांबवत नाही.

पैशांचा हिशेब उदाहरण म्हणून मांडू. तासाला १०० रुपये मजुरी धरली. एका वाकळेला ३६ तास, म्हणजे ३,६०० रुपये. दोरा, अस्तर, धुलाईचे ४००. पडते ४,००० ला, विकावी ५,५०० ला. अशा १२ वाकळांतून १८,००० उरतात. दीड फुटी आसन दोन तासांत होते: मजुरी २००, सामान ५०, विक्री ४००. अशा २०० आसनांतून ३०,०००. एकूण शिल्लक ४८,०००, आणि कारागिरांच्या हातात पडलेली मजुरी ८३,२००. या दोन आकड्यांत मोठा कोणता ते पाहा. उपक्रमाची खरी मिळकत ती मजुरी आहे, आणि ती शिल्लक मोजायच्या आधीच योग्य हातांत गेलेली आहे. काम ८३२ तासांचे. वीस माणसे रोज चार तास बसली तर अकरा दिवसांचे, पण शिकणे, उसवणे, पुन्हा शिवणे धरून तीन आठवडे लागतात. म्हणजे गड्ड्यात विकायचे तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुई हातात आली पाहिजे, आणि कात्रणे नोव्हेंबरात.

मोठ्या वाकळा बोलीवर विकाव्यात, लहान वस्तू ठरल्या किमतीला. नाव वाकळांनी होते, पण गल्ला आसनांनी भरतो. तिकिटे विकून सोडत काढण्याच्या फंदात मात्र पडू नये. कायद्याच्या नजरेत ती लॉटरी आहे. नोंदणीकृत न्यास नसेल तर सार्वजनिक वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाकडे जावे लागते. गणेश मंडळे हे दरवर्षी करतात, तेव्हा गल्लीत माहीतगार माणूस सापडेलच. वाकळ घेणाऱ्याला देणगीवरच्या आयकर सवलतीची (लोक जिला ८०जी म्हणतात ती) पावती देता येत नाही, कारण ती खरेदी झाली. नुसती देणगी देणाऱ्याला, संस्थेकडे त्या सवलतीची मान्यता असेल तर, देता येते. तीही रोखीने दोन हजारांच्या वर नाही. पहिल्याच दिवशी हे फलकावर लिहिले की शेवटच्या दिवशी वाद होत नाहीत.

एक कायदा याहून जपून हाताळायचा आहे. भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा मुंबई अधिनियम महाराष्ट्रात लागू आहे. त्याच्या व्याख्येत गाणे, नाचणे किंवा वस्तू विकण्याच्या निमित्ताने भीक घेणेही बसते, आणि चरितार्थाचे दिसेल असे साधन नसताना, भीक मागून जगतो असे वाटेल अशा स्थितीत सार्वजनिक जागी भटकणे किंवा थांबणेही बसते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली कलमे रद्द केली. आपल्याकडे पहिल्यांदा सापडलेल्याला एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. म्हणून प्रत्येक कारागिराला तारखेचे, शिक्क्याचे, फोटो चिकटवलेले कामाचे पत्र पहिल्याच दिवशी द्यावे. स्टॉलवर तर हवेच, पण रात्री झोपायला जातानाही ते खिशात असू द्यावे.

आता त्या ४८,००० चे. त्यातून निवारा चालत नाही, हे देणाऱ्याला स्पष्ट सांगावे. चोवीस तासांना आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, सुटीचा चौथा माणूस. महिना १२,००० पगार धरला तरी चार काळजीवाहकांचे एका महिन्याचे ४८,००० होतात. साऱ्या उपक्रमाची शिल्लक एक महिना पुरते. निवारा चालवणे महापालिकेचे आणि शासनाचे काम आहे आणि ते त्यांच्याकडूनच करून घ्यायला हवे: शहरात चालू निवारे किती, प्रत्येकाची क्षमता किती, बायकांसाठी वेगळा कोणता, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येते आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. तो अर्ज आणि आलेले उत्तर, दोन्ही रांगोळीच्या चौकटींशेजारी मोठे करून लावावे. लोकवर्गणीने ती जबाबदारी झाकली जाणे हा अशा उपक्रमातला सर्वांत मोठा धोका आहे.

लोकांचा पैसा लागावा तो योजनांच्या फटीत. कुलपाच्या पेट्या. हरवलेल्या कागदांच्या नकला, त्यासाठीचे प्रवासभाडे आणि बुडालेला दिवस. भाड्याच्या खोलीची अनामत, कारण महिन्याचे भाडे भरू शकणारी माणसेसुद्धा अनामतीपाशी अडतात. एप्रिल-मेमधले पाणी आणि मंडप. याच शहराच्या कडेला, कुंभारीत, विडी कामगार आणि असंघटित कामगारांनी वर्षानुवर्षे लढून रे नगरची ३०,००० घरांची वसाहत मंजूर करून घेतली. त्यातल्या १५,००० घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. ते जमले कारण त्यांच्यापाशी संघटना होती, कागद होते आणि स्वतःचा हिस्सा भरायची ऐपत थोडी थोडी करून उभी करता आली. फुटपाथवरच्या माणसाकडे यातले काहीच नसते. त्याचा कागद झाला तरच तो पुढच्या एखाद्या यादीत येतो.

विकलेल्या प्रत्येक वस्तूला कापडी चिठ्ठी शिवावी, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत. शिवणाऱ्याचे नाव त्याची इच्छा असेल तरच. खाली क्रमांक: एकट्या मुलासाठी १०९८, निराधार वृद्धासाठी १४५६७, मानसिक त्रासात असलेल्यासाठी १४४१६, रुग्णवाहिका १०८. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण रस्त्यावर भटकताना दिसला तर त्याला संरक्षणाखाली घेणे हे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पोलीस ठाण्याचे कर्तव्य ठरवले आहे, ही ओळही त्यात हवी. वाकळ घरात वीस वर्षे राहते, चिठ्ठीही राहील.

आणि स्टॉलच्या एका टोकाला मतदार नोंदणीचे टेबल असावे. पत्ता नसलेल्यालाही मत आहे. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे बेघर माणसाने सहा नंबरचा फॉर्म भरला की मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, त्यात लिहिलेल्या ठिकाणी रात्री जाऊन तो खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे, एकाहून अधिक रात्री. खात्री पटली की निवासाचा दुसरा पुरावा लागत नाही. फॉर्म भरून घेणे सोपे आहे. घोटाळा पुढे होतो: बीएलओ ज्या रात्री येतो, नेमक्या त्याच रात्री गस्तीने माणसाला तिथून उठवलेले असते आणि फॉर्मवर ‘आढळून आला नाही’ असा शेरा पडतो. म्हणून फॉर्म दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या भागातल्या पोलीस चौकीला आणि झोन कार्यालयाला लेखी कळवावे की अमुक खांबाजवळ, अमुक दुकानाच्या पायरीवर अमुक माणूस झोपतो, त्याची पडताळणी व्हायची आहे, ती होईपर्यंत त्याला तिथून हलवू नये. पत्राच्या पोचेची एक प्रत फाइलला, एक त्याच्या पेटीत.